आप्पांच्या विहिरीवरची पोरं

९ एप्रिल १९८४, सोमवार

आज ओल्या वेणीनंच कचेरीत जाऊन बसले. वेणीतलं पाणी पोलक्याच्या पाठीवर उतरत होतं. मागच्या टेबलावरच्या बाई शिपायाला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि दोघं हसली. माझं कन्नड खात्याच्या परीक्षेपुरतंच आहे, पण ‘एम्मे’ म्हणजे म्हैस एवढं मला येतं. टंकयंत्रावरून मान वर केली नाही.

म्हैस तर म्हैस. गेल्या आठवड्यापासून मी सकाळी पोरांना पोहायला शिकवते आहे. सहाला मारुतीराव आप्पांच्या मळ्यातल्या विहिरीवर, नऊला घरी, दोन घास खाऊन दहाला कचेरी. आजोळी वेदगंगेत मी मामाच्या पाठीवर बसून पोहायला शिकले. बी. ए. होऊन सरकारी नोकरीला लागले, तरी माझ्या अंगातली सगळ्यांत पक्की विद्या अजून तीच आहे असं वाटतं.

कल्पना आप्पांची. आमच्या गल्लीतली पोरं आणि त्यांच्या गल्लीतली पोरं एकाच विहिरीत. आमचे आबा अठरा वर्षं त्यांच्याच वखारीत तंबाखूचे पोत्याएवढे बोद उचलत होते. पाणी प्यायचं झालं तर कुणीतरी वरून ओंजळीत ओतायचं. आणि आता त्याच घराच्या विहिरीत आमची पोरं पाठीला डबे बांधून धपाधप उड्या टाकतात. पायरीवर उभी राहून मी त्यांच्या उड्या मोजत राहते.

आबांना सांगितलं तर म्हणाले, “मानूस वाईट न्हाय. पर त्यो द्यायला लागला की आपण जरा मागं सरकून बघावं.”

आयुष्यभर वाकलेल्या माणसाला ताठ माणसाचीही भीती वाटते. 

१४ एप्रिल, शनिवार

जयंतीच्या सभेला आप्पा आले, खाली सतरंजीवर बसले. भाषणात माझं नाव घेतलं. म्हणाले, या निपाणीतला मराठी माणूस जातीत फुटला म्हणून सीमेवर हरला. सिद्रामची ही लेक पुढच्या पिढीला एका पाण्यात आणते आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पदर तोंडाला लावून रडली.

आबा मागं उभे होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या थांबल्यावर.

२३ एप्रिल, सोमवार

कचेरीत हिरेमठ साहेबांनी, आमच्या वरिष्ठांनी, केबिनमध्ये बोलावलं. उशिरा येण्यावरून बोलणार असं धरून गेले होते. तर म्हणाले, सकाळी अर्धा तास उशिरा या, संध्याकाळी भरून द्या. मी लिहून देऊ का विचारलं तर हात हलवला. मग म्हणाले, “त्या विहिरीत सरळ किती जाता येते? बेळगावच्या तलावात लांब असते. मुलांना वळायला शिकवा.”

त्यांना विहिरीचं कसं माहीत? सरकारी माणसं सगळी बातमी ठेवून असतात. आप्पांना सांगितलं तेव्हा तेही म्हणाले, “गोड बोलत्यात ती. जपून ऱ्हा.”

पण वळण्याचं खरं होतं. आमची पोरं समोरच्या भिंतीला हात लावून दम खात बसतात. आजपासून भिंतीला पाय मारून उलटं फिरायला लावलं. विहिरीचा दगड खरबरीत, दोघांच्या टाचा सोलल्या. तानीच्या नाही. ती पहिल्या फेरीतच अशी फिरली, जणू पाण्यात तिच्यासाठी दार होतं.

तानी म्हणजे शेवंताबाईची पोरगी, आमच्याच गल्लीतली. बाप नाही, आई घरी विड्या वळते. पोरगी सकाळी पोहते आणि उरलेला दिवस आईशेजारी बसून पानं कातरते. तिच्याशी टक्कर देते ती एकटी मालू, आप्पांची नात. दोघी एका वयाच्या, एका उंचीच्या. पाण्यात डोकी तेवढी दिसतात तेव्हा कोण कुठली ते मलाही ओळखू येत नाही. मालू पोहते चांगली. पण तानी तिच्यापुढे कायम हातभर असते आणि मागं वळून बघत नाही.

२६ एप्रिल, गुरुवार

वीस मेला बेळगावला जिल्ह्याच्या मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धा आहेत. पहिल्या येणाऱ्या एका मुलीला आणि एका मुलाला क्रीडा वसतिगृहात घेणार. राहणं, जेवण, दहावीपर्यंत शाळा, सगळं सरकारचं. वय बाराच्या आत. तानीला ऑगस्टमध्ये बारा पूर्ण होतील. म्हणजे हेच वर्ष.

संध्याकाळी शेवंताबाईकडे गेले. मांडीवरचं सूप तिनं बाजूला ठेवलं नाही, हात चालूच ठेवून ऐकलं. मग विचारलं, “म्हंजे तिला विड्या वळाय लागायच्या न्हाईत?”

मी म्हटलं, नाही.

“कधीच?”

मी म्हटलं, कधीच. एवढ्या ठामपणे मी आजवर कुणाला काही सांगितलं नव्हतं.

३ मे, गुरुवार

स्पर्धेचे नियम आले. संचलनात मुलांनी छातीवर कन्नड राज्याचं नाव लावायचं आणि शपथ कन्नडमधून घ्यायची. सीमा चळवळीच्या मंडळाची माणसं आप्पांच्या सोप्यावर जमली होती, मलाही बोलावणं होतं. बाई मी एकटीच. बहिष्काराची गोष्ट निघाली.

मी आधी म्हटलं, पोरांना पोहू द्यावं, शपथेला ओठ मिटून उभी राहतील. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जया, ओठ मिटायचं आपन शिकवायचं व्हय पोरास्नी? तूच सांग, तू शिकलेली हाईस.”

मला लाज वाटली. एका पोरीच्या जागेसाठी मी सगळ्यांची मान खाली घालायला निघाले होते. घरी येताना तानीचा विचार मनात आला की मी तो बाजूला सारत होते. त्यागाशिवाय चळवळ होत नाही. आणि त्याग आवडत्या गोष्टीचाच करायचा असतो.

६ मे, रविवार

आज भंडारा उचलला गेला. आप्पांच्या देवघरासमोर हळदीचं ताट. एकेक बाप पुढे येऊन चिमूट उचलून कपाळाला लावत होता. बेळगावला पोर पाठवणार नाही, पाठवलं तर भंडाऱ्याची आण. इकडे माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण भंडारा उचलल्यावर शब्द फिरवणार नाही.

आम्ही बौद्ध. आम्ही भंडारा उचलत नाही. मला वाटलं आता कुणीतरी खोचक बोलणार. एकजण म्हणालाही, “ह्यांची आण कशावर घ्यायची मग?” पण आप्पांनी ताटासकट त्याच्याकडे वळून त्याला गप्प केलं. ताट शेवटपर्यंत त्यांनी स्वतःच धरलं होतं, हात अवघडले तरी कुणाला दिलं नाही. म्हणाले, “जयाचा शबुद पुरे. तिच्या गल्लीचा शबुद तिनं द्यावा.”

मी दिला. आमच्या गल्लीतलं एकही मूल जाणार नाही असं सगळ्यांसमोर म्हटलं. देवाची आण न घेता नुसत्या शब्दावर माझ्यावर विश्वास ठेवला गेला. घरी येताना जमिनीवर पाय ठरत नव्हते.

आबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “शेवंताला इचारलंस?”

म्हटलं, आता सांगते.

“इचारलंस का म्हंतो मी.”

७ मे, सोमवार

शेवंताबाईनं ऐकता ऐकता हातातली विडी वळून पुरी केली. मग म्हणाली, “जाऊ द्या की बाई पोरीला. तिला कुठलं राज्य आन काय. तिला पाणी म्हाइत.”

मी तिला समजावलं. भाषा गेली तर माणूस कसा परका होतो, एकजूट का लागते, बाबासाहेबांनी स्वाभिमानाबद्दल काय सांगितलं. तासभर बोलले असेन. ती शेवटी म्हणाली, “तुमी म्हंताय तर बरुबर आसंल.” तानी उंबऱ्यात बसून पानं कातरत होती. तिला विचारलं, वाईट वाटतं का? तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. शहाणी पोरगी आहे.

१० मे, गुरुवार

हिरेमठ साहेबांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, “मी काय ऐकलो ते खरं आहे?”

मी म्हटलं, खरं आहे. नोकरी घ्यायची असेल तर घ्या. 

“नोकरीचं कोण बोलतो? तुम्ही सरकारी नोकर, ते मी न बघितल्यासारखं करतो. पण ती मुलगी काय केली? भांडण आमचं तुमचं. तिला पवू द्या.” मग टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, “रविवारी मी घरी बेळगावला जातो. बायको असते गाडीत. मुलीला नेतो, परत आणून सोडतो. शपथ घेऊ नको म्हणून मीच सांगतो तिला.”

मी आभार मानून नकार दिला. आप्पा म्हणाले होतेच, शेवटी असं आमिष दाखवतील.

बाहेर आल्यावर मात्र टंकयंत्रावर एकच ओळ तीनदा चुकली.

१२ मे, शनिवार

मालू सुट्टीला बेळगावला मामाकडे गेली. विहीर जरा सुनी वाटली. जाताना तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि कानात काहीतरी सांगायला आली, तेवढ्यात आप्पांनी जीपमधून हाक मारली. सकाळी सहालाही आप्पांची घाई असते.

तानी आज पोहली नाही. पायरीवर बसून राहिली. म्हणाली, पोटात दुखतंय.

२० मे, रविवार

स्पर्धेचा दिवस. आम्ही विहिरीवर आमच्याच शर्यती घेतल्या. मी शेंगदाण्याचे लाडू केले होते. तानी सगळ्यांच्या पुढे आली. मी तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. तिनं ती काढून दगडावर ठेवली आणि पुन्हा पाण्यात गेली. बोलावलं तरी बराच वेळ वर आली नाही.

आप्पा आले नाहीत. बेळगावला मंडळाचं काम निघालं असं कळलं. आजच्या दिवशी त्यांनी विहिरीवर दोन शब्द बोलायला हवे होते.

२३ मे, बुधवार

आज लिहिलं नाही तर उद्या मीच माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

संध्याकाळी कचेरीतून आले तर मालू दारात उभी. नवा झगा, हातात पेढ्यांचा पुडा. वाकून पाया पडली आणि म्हणाली, “जयाक्का, मी पैली आले.”

मला कळेचना. विचारलं, कशात?

“बेळगावला. पवन्यात. मामानं त्यांच्या वळखीच्या शाळेकडनं उतरवलं. लई लांब हाय तलाव, पर तुमी शिकवल्यागत भिताडाला पाय मारला आन सगळ्यांच्या म्होरं. जूनमधी वसतिगृहात जानार मी.”

मला फसवल्याचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या आजोबांनी सांगितलं होतं, जिंकल्याबिगार आक्काला सांगायचं न्हाय. ती आनंद वाटायला आली होती. मी पेढा घेतला. तिच्यासमोर खाल्लासुद्धा. ती गेल्यावर मोरीत जाऊन ओकले.

आबांनी काही विचारलं नाही. तांब्या भरून पाणी आणून दिलं आणि बाहेर जाऊन बसले. ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं ते एकदा म्हणाले असते, तर मला भांडायला कुणीतरी मिळालं असतं.

२४ मे, गुरुवार

रजा टाकून आप्पांकडे गेले. वाटेत मनाला समजावत होते, सुनेनं परस्पर केलं असेल, मामानं केलं असेल, आप्पांना आत्ताच कळलं असेल. ते सोप्यावर बसून तंबाखूचं पान नाकाशी धरून वास घेत होते. मला बघून उठून उभे राहिले. ते कायम उभे राहतात, मी आले की. त्यालाच मी भुलले होते.

“ये जया. मालूनं नाव काढलं बघ. करामत तुजी.”

मी विचारलं, तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?

“आता घरातली पोरगी जानार म्हंजे ठावं आसनारच की.”

“आणि बहिष्कार?”

“त्यो मंडळाचा. ती निपाणीकडनं गेली न्हाय. मामाच्या गावाकडनं गेली.”

मी म्हटलं, आप्पा, भंडारा उचलला होता सगळ्यांनी.

त्यांनी पान खाली ठेवलं. चिडले नाहीत. वखारीतल्या नव्या कारकुनाला माप समजावून सांगावं तसं म्हणाले, “सगळ्यांनी उचलला. मी ताट धरलंतं. ताट धरनाऱ्यानं उचलायचा कसा?”

मला आधी वाटलं ते थट्टा करताहेत. मग दिसलं, की नाही. हे त्यांनी त्या दिवशीच ठरवलं होतं. हात अवघडले तरी ताट म्हणूनच सोडलं नव्हतं. आणि मी ते इथे कौतुकानं लिहून ठेवलं.

“तानी पहिली आली असती,” मी म्हटलं. “तुम्हाला ठाऊक होतं ते.”

“आली आसती,” ते म्हणाले. “पर तिला फुडं कोन बघनार? वसतिगृहात कापडं लागत्यात, दप्तर लागतंय. आईनं काय इड्या इकून धाडायचं? आमच्या पोरीचं तसं न्हाय. आन जया, चळवळीला तुज्यागत मानसं लागत्यात. ल्हान गोष्टीत आडकू नगंस.”

मी उठले. ते दारापर्यंत आले. म्हणाले, “सकाळी येतीस न्हवं? मालूला जूनपातुर सराव पायजे. तुज्या पोरास्नी इहीर मोकळीच हाय, कुनी आडवनार न्हाय.”

तुझ्या पोरांना. इतके दिवस ती ‘आपली पोरं’ होती.

२५ मे, शुक्रवार

हिरेमठ साहेबांकडे गेले. दुसरी चाचणी असते का, वयाची सूट मिळते का, विचारलं. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, कन्नडमध्ये बराच वेळ बोलले, एकदा आवाज चढवला. फोन ठेवून नुसती मान हलवली.

‘मी सांगितलं होतं’ हे त्यांनीही म्हटलं नाही. या दोन माणसांनी मला काही न म्हणण्याचं का ठरवलं आहे?

मी त्यांना म्हटलं, साहेब, मला तुमचाच संशय आला होता. ते म्हणाले, “मला माहीत होतं.” आणि मागच्या महिन्याची फाईल मागितली.

कचेरीच्या मागच्या पायरीवर बसून आप्पांची भाषणं आठवत होते. एकही शब्द खोटा नव्हता. पाण्याला जात नसते, हेही खरं. मला त्यांचा एकेक शब्द पाठ आहे आणि तो कुणाला तरी म्हणून दाखवावा असं अजूनही वाटतं. याचाच सगळ्यांत जास्त राग येतो.

२७ मे, रविवार

तीन दिवस मी विहिरीवर गेले नाही आणि शेवंताबाईच्या घरावरून जायचं टाळलं. आज आबा म्हणाले, “तिला दुसऱ्याकडनं कळू देऊ नगंस.” म्हणून गेले.

शेवंताबाई विड्यांचे कट्टे द्यायला कारखान्यात गेली होती. तानी एकटीच पानं कातरत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. मालू गेली, पहिली आली, तिला जागा मिळाली. आप्पांनी मला फसवलं. आपल्या सगळ्यांना फसवलं.

तिची कातर थांबली नाही.

“मला ठावं हुतं,” ती म्हणाली.

“मालूनं सांगितलं? पेढे घेऊन आली होती?”

“न्हाय. आदीच. मामाकडं जायच्या आदी. तिला वळताना नाकात पाणी जायाचं. म्हनली, मला बेळगावला जायाचं हाय, दाव की. मग दुपारचं आमी दोघीच जाऊन मी तिला शिकवलं. आता न्हाय जात पाणी.”

मी कातरलेलं एक पान उचललं आणि परत ठेवलं. शेवटी म्हटलं, “तानी, मग मला का नाही सांगितलंस?”

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. “तुमास्नी ठावं न्हवतं?”

“नव्हतं गं.”

“मला वाटलं तुमी आन आप्पांनी मिळून ठरवलंया. मालूनं जायाचं आन मी न्हाय.”

मी शपथेवर सांगितलं, मला ठाऊक नव्हतं, असतं तर मी तुला स्वतः घेऊन गेले असते. तिनं मान हलवली. मोठी माणसं काही सांगतात तेव्हा पोरांनी हलवावी तशी. माझ्यावर विश्वास ठेवायला तिची हरकत नव्हती. त्यानं तिचं काही बदलत नव्हतं, एवढंच.

मग तिनं विचारलं, “सकाळी इहिरीवर यायचं का न्हाय? येनार नसलो तर आई म्हंतीया, पाटेपासनं वळाय बस, जून लागायच्या आत चार कट्टे जास्त हुतील.”

 विहिरीवर गेले तर मालूला तयार करायला जाणार. नाही गेले तर गल्लीतल्या सगळ्या पोरांचं पाणी जाणार, कारण मी नसताना आप्पांची विहीर किती दिवस मोकळी राहील ते मला आता कळतं. आणि ही पोरगी हातातलं पान तसंच धरून, मी काय ठरवते ते ऐकायला थांबली होती. पगाराच्या दिवशी वखारीच्या दारात आबा असेच थांबायचे.

“तू सांग,” मी म्हटलं. “तू म्हणशील तसं करू.”

तिला ते खरं वाटलं नाही. थोडा वेळ वाट बघून तिनं पुढचं पान घेतलं.